अनुभव धागा : बर्फाची सवय नसलेल्या गावात गाडी चालवताना

मोरावळा
आज दुकानात ब्रेडचं शेल्फ रिकामं, दुधाचंही. म्हणजे अटलांटात बर्फ येणार. पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले आणि पोटात तोच जुना गोळा उठला.

२८ जानेवारी २०१४, मंगळवार. दुपारी भुरभुर सुरू झाली आणि शाळा, ऑफिसं, सरकारी कचेऱ्या सगळं तासा-दोन तासांत सुटलं. अख्खं शहर एकदमच रस्त्यावर. बर्फ पडला किती, तर दोन-अडीच इंच. पण चाकांखाली चेपून वितळला, पुन्हा गोठला आणि शहराभोवतीच्या २८५ महामार्गावर काच अंथरल्यासारखं झालं. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक त्याच गर्दीत अडकलेले.

ऑफिस ते घर १४ मैल. पावणेएकला निघाले, संध्याकाळी सातला चार मैल झाले होते. एका चढावर पुढची मिनीव्हॅन मागे सरकायला लागली. ब्रेकचे दिवे लागलेले, चाकं थांबलेली, तरी ती माझ्याकडे येतच होती. तिच्या बाजूच्या आरशात त्या बाईचा चेहरा मला दिसत होता. माझ्या मागे गाडी, बाजूला गाडी, मी कुठे जाणार? शेवटी ती तिरकी होऊन कडेला टेकली. मधे हातभर जागा उरली होती.

लेक तेव्हा पाच वर्षांची. बस निघू शकत नाही, मुलं शाळेतच राहतील असा फोन आला. तिच्या बाई रात्रभर थांबल्या. जिमच्या चटयांवर मुलांना झोपवलं, एकेकाच्या आईला फोन लावून दिला. लेक म्हणाली, "आई, आम्ही पिझ्झा खाल्ला, तू काय खाल्लंस?" मी पर्समधले चार खजूर खाल्ले होते. रात्री एकला गाडी कडेला लावली. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानाने दारं उघडी ठेवली होती, तिथे बागेच्या खुर्चीत बसून उजाडलं. मग चालत शाळा गाठली.

"दोन इंचांत एवढं?" हे अमेरिकेच्या उत्तरेतल्या नातेवाइकांचं वाक्य मला आजही लागतं. गाडी कुणाला येत नव्हती असं नाही. बर्फ लोटणारी वाहनं मोजकी, मीठ आधी पडलेलं नाही आणि सगळे एका वेळी सुटलेले. त्यात कितीही मुरलेला ड्रायव्हर अडकलाच असता.

आता त्याच लेकीला लायसन्स मिळालंय. तुमचे अनुभव लिहा, तिला वाचून दाखवायचे आहेत.

कोरांटी
वाचून डोळे भरले गं. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पायवाट
आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रालेला. त्याच वर्षी, १२ फेब्रुवारी. शेवटचे पाच मैल चालत आलो, पायात ऑफिसचे बूट. माझ्यासारख्या सोडून दिलेल्या गाड्या रस्ताभर. एका अनोळखी आजोबांनी व्हरांड्यातून हाक मारून कॉफी दिली आणि माझ्या बुटांवरून जाडे लोकरी मोजे चढवायला लावले. म्हणाले, आता घसरणार नाहीस. खरंच नाही घसरलो. ते मोजे अजून आहेत माझ्याकडे.

उंबरठा
मोरावळाताई, माफी मागते. मी मिनेसोटात बारा वर्षं काढली आणि तुमच्या त्या बातम्या बघून हसले होते. मग डॅलसला आलो.

तिकडचा बर्फ कोरडा, भुसभुशीत. आदल्या रात्रीच ट्रक फिरून गेलेले असतात, गाडीला हिवाळी टायर असतात. इथे पडतो तो पाऊस, आणि तो रस्त्याला लागल्या लागल्या गोठतो. त्यावर चालवणं मला मिनेसोटाने शिकवलेलंच नव्हतं.

११ फेब्रुवारी २०२१ला इथून जवळच्या फोर्टवर्थमध्ये ३५डब्ल्यू महामार्गावर पहाटे १३०हून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या. सहा माणसं गेली. नवरा त्याच रस्त्याने कामावर जातो. त्या दिवशी धाकट्याचं दप्तर सापडेना म्हणून वीस मिनिटं उशीर झाला आणि मी दोघांवर ओरडत होते. पुढे चार दिवसांनी वीज गेली ती वेगळीच कथा. दप्तर सोफ्याखाली सापडलं होतं. मी ते अजून टाकलेलं नाही.

कोरांटी
बाई गं. उंबरठा, काय लिहू यावर. जवळ घेते तुला.

पान्हा१३
गाड्यांच्या कामात आयुष्य गेलं म्हणून ताईंच्या लेकीसाठी लिहितो.

पूल आधी गोठतो. त्याला वरून वारा लागतो तसा खालूनही लागतो, जमिनीची ऊब नसते. रस्ता नुसता ओला असेल तेव्हाही पुलावर बर्फ असू शकतो. ओळखायचं कसं? पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघ. रस्ता ओला दिसतोय पण चाकांतून पाणी उडत नाही, तर ते पाणी नाही. तिथे ब्रेक नको, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ. मागची बाजू घसरलीच तर ती ज्या अंगाला जातेय त्याच अंगाला स्टिअरिंग फिरवायचं, तेही थोडंच.

थांबावंच लागलं आणि गाडीला एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल, तर जोरात ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली थरथरतं, करकर आवाज येतो. मुलं घाबरून पाय काढतात. काढू नकोस, दाबूनच ठेव.

आणि आमच्या वडिलांनी वरंध घाटात शिकवलेलं : ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ऑटोमॅटिकलाही खालचा गिअर असतो, उतारावर वापरा.

पायवाट
पान्हादादा, चाकातून पाणी उडत नाही हे पहिल्यांदाच कळलं. घरच्या ग्रुपवर टाकू का?

पान्हा१३
टाका की. एक राहिलं. अडकून पडलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना ते बघा. विषारी वायू आत येतो, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. हे विनोदावारी घेऊ नका.

सातमाळा
आमचं नाशिकहून मनाली, स्वतःच्या गाडीने, डिसेंबर २०२४. अटल बोगद्यापलीकडे बर्फ बघून परतताना बोगदा ते सोलंग या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या, त्यात आम्ही. नऊ किलोमीटरचा बोगदा दहा मिनिटांत पार, आणि पुढच्या उतारावर सात तास. आई-बाबा मागे. बाबा सारखे, "हँडब्रेक ओढ रे." मी ओढला आणि मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवीच झाली.

एक स्थानिक टॅक्सीवाला उतरला, न विचारता माझ्या सीटवर बसला. पुढच्या चाकांखाली गोणपाटाचे दोन तुकडे सरकवले, पहिल्या गिअरवर, ब्रेकला पायही न लावता, गोगलगाईसारखी गाडी खाली नेली. पैसे घेतले नाहीत. आईने डब्यातले गूळपापडीचे लाडू दिले, तेवढे घेतले. तेव्हापासून डिकीत दोन गोणपाटं असतात. नाशकात काय उपयोग विचारू नका, पावसाळ्यात शेताच्या चिखलात होतो.

कोरांटी
आले. आमचं गाडी चालवण्याचं नाही, काचेचं आहे. ऑस्टिनला सासरे आलेले. पहाटे काचेवर बर्फ बघून त्यांनी मदत म्हणून पातेलंभर उकळतं पाणी ओतलं. टण्‌ असा आवाज, आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत. बिचारे दिवसभर जेवले नाहीत. मी त्यांना म्हटलं, बाबा, काच चारशे डॉलरची, तुम्ही पाय घसरून पडला असतात तर? मग संध्याकाळी मऊ भात खाल्ला.

पान्हा१३
बरं बोललीस गं.

खारफुटी
न्यू ऑर्लिन्सहून. २१ जानेवारी २०२५, आठ इंच! इथल्या मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर हिमवादळाचा इशारा याआधी कधी दिलाच नव्हता. आय-१० महामार्ग बंद. आम्ही गाडीला हातच लावला नाही, मुलं बूगी बोर्डवरून (समुद्राच्या लाटांवर खेळायची फळी) घसरगुंडी खेळली. तेवढं सुख मिळालं ते घरी बसलो म्हणून.

उंबरठा
सातमाळा, गूळपापडीचे लाडू प्रवासात किती दिवस टिकतात? मार्चमध्ये आईबाबा येताहेत, त्यांच्याबरोबर मागवीन म्हणते.

सातमाळा
पंधरा दिवस आरामात. आईला विचारून कणीक-तुपाचं प्रमाण लिहितो.

मोरावळा
सगळं वाचून दाखवलं तिला. पान्हादादांचं दोनदा. म्हणाली, आई, त्या रात्री तू फक्त खजूर खाल्लेस हे मला कधी सांगितलंच नाहीस. मग स्वतःच जाऊन गाडीच्या कप्प्यात बिस्किटं, टॉर्च आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून आली. उद्या शाळा बंद असल्याचा मेसेज आत्ताच आलाय, आदल्या रात्रीच! किल्ली पोह्यांच्या डब्यामागे ठेवलीय. सातमाळा, प्रमाण इथेच टाका, मलाही हवंय.