स्पायडर-मॅन ३ : तुम्ही तो कुठे पाहिला आणि आज काय वाटतं?

स्पायडर-मॅन ३ चा विषय निघाला की दहा मिनिटांत सगळे पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, त्या रस्त्यावरच्या नाचावर येऊन थांबतात. मला त्यापलीकडचं ऐकायचंय, म्हणून हा धागा काढतोय. २००७ च्या मे महिन्यात थिएटरात पाहिला असेल, नंतर टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला असेल, आता मुलांबरोबर पाहिला असेल, तर लिहा. कुठे, कुणाबरोबर, काय मनात राहिलं, काय खटकलं. नुसतं 'भारी' किंवा 'बकवास' नको.

माझ्यापासून सुरुवात करतो. दहावीचा निकाल लागायचा होता. आम्ही पाच मित्र चिंचवडहून लोकलने पुण्याला गेलो. २००४ चा दुसरा भाग आम्हाला पाठ होता. ट्रेन थांबवून बेशुद्ध झालेल्या पीटरला डब्यातली माणसं हातांवर झेलून आत घेतात, तो प्रसंग आमच्यातल्या दोघांना आजही डोळे मिटून सांगता येतो. तिसरा पाहून बाहेर पडलो तेव्हा स्टेशनपर्यंत कुणी बोललं नाही. १३९ मिनिटांत वाळूचा माणूस, व्हेनम आणि पीटरचा मित्र हॅरी असे तीन शत्रू, शिवाय पीटरच्या वर्गातली ग्वेन, उल्केबरोबर आलेला आणि पीटरच्या अंगावर काळा पोशाख बनून बसलेला चिकट जीव, हॅरीची गेलेली आणि परत आलेली स्मृती, मे काकूंची अंगठी. दिग्दर्शक सॅम रायमीने सगळं एकाच गाठोड्यात बांधलं होतं. तरी माझं मत ठाम आहे. या गाठोड्यात दोन सिनेमांचा ऐवज आहे आणि त्यातला वाळूच्या माणसाचा सिनेमा तिन्ही भागांत सगळ्यात हळवा आहे.

आता तुम्ही लिहा.

इचलकरंजी

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. वीज गेली की माग थांबायचे, आणि मागावरची पोरं थिएटरला जायची, कारण तिथे जनरेटर होता. आम्ही हिंदीत पाहिला. तो भोजपुरीतही आलाय हे कळल्यावर आमच्याकडचे बिहारी कामगार रोज विचारायचे, आपल्याकडे कधी लागणार? आमच्या गावात काही लागला नाही.

काळा पोशाख आला तेव्हा शिट्ट्या, पुढच्या रांगांतून चिल्लर. पण फ्लिंट मार्को, म्हणजे तो वाळूचा माणूस, वाळूच्या ढिगातून उठायला लागला तेव्हा थिएटरातल्या पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. एरवी तिथे संवादही धड ऐकू यायचे नाहीत. खटकलं म्हणाल तर शेवट. क्रेन, लोखंडी गर्डर, लटकलेली टॅक्सी, बातम्या देणारे लोक. कोण कुणाला मारतंय तेच कळेना.

गोरेगाव, मुंबई

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातली दृश्यं संगणकावर घडवण्याच्या कामात आहे, चौदा वर्षं झाली. इचलकरंजीकरांनी लिहिलेल्या प्रसंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण मी या धंद्यात आलो त्याला तोच कारण आहे.

वाळू फार छळते. प्रत्येक कण सुटा, तरी ढीग ढिगासारखाच ढासळला पाहिजे, आणि इथे तर त्या ढिगाने माणसासारखं वागायचं होतं. सोनीच्या लोकांनी आधी खरी वाळू आणून वेगवेगळ्या प्रकारे फेकली, ओतली, स्टंटवाल्यांच्या अंगावर उडवली आणि त्याचं चित्रीकरण करून ती कशी वागते याचा अभ्यास केला. जिथे माणूस गाडला जायचा होता तिथे वाळूऐवजी मक्याच्या रिकाम्या कणसांचा भरडा वापरला, कारण खरी वाळू श्वासात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. एवढी तयारी करून जे पडद्यावर आणलं ते बघा. तो उठतो, कोसळतो, पुन्हा उठतो. समोर मुलीचा फोटो असलेलं लॉकेट पडलंय. उचलायला जातो तर बोटंच लॉकेटवर विस्कटतात. मग सगळं बळ एकवटून तो आधी मूठ घडवतो. एक शब्द नाही, फक्त ख्रिस्तोफर यंगचं संगीत. तो का उठतोय, हे सगळं त्या कणांच्या हालचालीत आहे. आमच्याकडे नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना पहिल्या आठवड्यात हा प्रसंग दाखवतो.

आणि म्हणूनच शेवटच्या मारामारीचा राग येतो. तोच मार्को इमारतीएवढा होऊन नुसता गुरगुरतो. वाळू जास्त, मेहनत जास्त, पण आतला माणूस गेला.

नागपूर

वाळूवाल्याचं कौतुक पुरे, माझ्या व्हेनमचं काय?

सीताबर्डीच्या फुटपाथवर जुने इंग्रजी अंक मिळायचे, त्यावर मी वाढलो. काळा पोशाख कॉमिक्समध्ये १९८४ ला आला आणि व्हेनम पूर्ण रूपात १९८८ च्या ३०० व्या अंकात. पीटरच्या दुप्पट देहाचा, आणि स्पायडीला ज्याच्या येण्याची चाहूलच लागत नाही असा शत्रू. त्याची भीती तिथेच होती. सिनेमात तो शेवटी शेवटी येतो आणि दर थोड्या वेळाने जबडा मागे सारून नट टोफर ग्रेसचा चेहरा दाखवतो. राक्षस दिसायला लागला की लगेच माणूस दिसतो, मग घाबरायचं कशाला?

रायमीचा जीव जुन्या, साठच्या दशकातल्या खलनायकांत. सँडमन, म्हणजे हा वाळूचा माणूस, १९६३ मधला. व्हेनम त्याला कधी आपला वाटला नव्हता, निर्माते अवी अराद यांच्या आग्रहाने तो घेतला गेला, हे नंतर उघड झालंच. नको असलेल्या पाहुण्याला पान वाढावं तसं झालं. यात रायमीचीही चूक मानतो. घ्यायचा होता तर मनापासून घ्यायचा, नाहीतर चौथ्या भागाची वाट बघायची. तो चौथा भाग २०१० मध्ये रद्द झाला, ते दुःख वेगळंच.

मडगाव

नागपूरकर दादा, तुमचा राग कळतो. पण ब्रॉकचा, म्हणजे जो पुढे व्हेनम होतो त्या फोटोग्राफरचा, एक प्रसंग मी तुम्हाला सोडू देणार नाही. नोकरी आणि अब्रू घालवून तो चर्चमध्ये येतो आणि देवाकडे पीटरचा मृत्यू मागतो. वर मनोऱ्यात त्याच वेळी पीटर तो काळा पोशाख अंगावरून ओरबाडून काढतोय. एकाने टाकलेलं दुसऱ्याच्या अंगावर पडतं.

आमच्या गावच्या चर्चच्या मनोऱ्यात मी लहानपणी चढलोय. घंटा वाजली की तिथे आवाज कानाला लागत नाही, छातीत लागतो. पोशाख घंटेने सुटतो हे मला तेव्हाच पटलं होतं.

नाशिक

सगळे खलनायकांवर लिहिताय. मी पीटरच्या प्रेयसीवर, एमजेवर लिहिते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, राज्य नाट्य स्पर्धेत आमचं नाटक झालं होतं. दुसऱ्या दिवशी परीक्षणात माझ्याबद्दल एक ओळ होती : आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही. सहा महिने घेतलेली मेहनत त्या एका ओळीत संपली. नंतर हा सिनेमा पाहिला. त्यात एमजेच्या ब्रॉडवेवरच्या गाण्याबद्दल समीक्षक जवळजवळ हेच लिहितो, आणि ती पीटरला सांगायला जाते तर तो म्हणतो, मलाही लोक नावं ठेवतात, मनावर घेऊ नकोस. तो तिचं ऐकतच नाही, स्वतःचंच सांगतो. मग तिची भूमिका जाते आणि त्याच्या कौतुकाच्या गर्दीत तिला हे सांगायला जागा मिळत नाही. वर भर समारंभात तो ग्वेनला तसंच उलटं लटकून चुंबन देतो, जे त्या दोघांचं होतं. लोक एमजेला रडकी म्हणतात. मला त्या सिनेमात सगळ्यात खरी तीच वाटली. काळा पोशाख यायच्या आधीच पीटर बिघडलेला आहे, हे फक्त तिच्याबरोबरच्या प्रसंगांतून दिसतं.

पण हेच लिहिणाऱ्यांनी शेवटी तिला पुन्हा उंचावर टांगून ठेवलं. तिसऱ्यांदा. आणि ग्वेनला काय दिलं? बिचारीचा वापर दुसरीला जळवायला केला. तो नाच मला हसण्यासारखा वाटत नाही, कारण तो संपतो कुठे ते मला माहीत आहे. क्लबमध्ये एमजेला त्याचा हात लागतो आणि ती पडते.

शारजा

नाशिकच्या ताईंशी सहमत. रस्त्यावरच्या तुकड्यात बायका त्याच्याकडे कशा बघतात ते नीट बघा. कुणाला तो आवडलेला नाही. ऐटबाज होणं म्हणजे काय, हे एका अभ्यासू, बुजऱ्या मुलाला जेवढं कळेल तेवढंच तो करतो. मी तसाच मुलगा होतो. मला तो नाच कधी चूक वाटला नाही.

सोलापूर

माझा आक्षेप एकच. हॅरीचा नोकर. हॅरीचे वडील पीटरच्या हातून नाही, स्वतःच्याच उडत्या ग्लायडरने मेले हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, मग दोन सिनेमे पोरगा सूडाने जळत असताना गप्प का बसला? २०१७ मध्ये या सिनेमाची नव्याने संकलित आवृत्ती आली, त्यात हे काढून टाकलंय आणि हॅरी आपल्या मनानेच मित्राकडे जातो. असंच पाहिजे होतं. हॅरीचं मरण मग कितीतरी पटीने लागतं.

सातारा

मी शाळेत शिकवते. माझी तक्रार मोठी आहे. पहिल्या भागाचा पाया काय? पीटरने एका चोराला जाऊ दिलं आणि त्यानेच पीटरच्या बेन काकांना मारलं. मुलांना जबाबदारी शिकवायला यासारखी गोष्ट नाही. तिसऱ्या भागात येऊन सांगतात की मारणारा दुसराच होता, मार्को. मग पीटरची चूक राहिली कुठे? पायाचा दगडच काढून घेतला. केवळ नव्या खलनायकाला मोठं करायचं म्हणून जुन्या गोष्टीशी असं वागू नये.

छत्रपती संभाजीनगर

बाई, मी तुमच्याच बाजूचा होतो. बारा वर्षं फौजदारी वकिली केल्यावर मत बदललं.

मार्को शेवटी सांगतो ते पुन्हा ऐका. त्याने बेनकडे फक्त गाडी मागितली होती. बेन त्याला म्हणाले, पिस्तूल ठेव आणि घरी जा. तो क्षणभर थांबलाही होता. तेवढ्यात त्याचा साथीदार पैसे घेऊन पळत आला, त्याचा धक्का लागला आणि गोळी सुटली. हा साथीदार कोण? पीटरने जाऊ दिलेलाच चोर. म्हणजे पीटरची चूक जिथे होती तिथेच आहे. फक्त त्या रात्री तिथे आणखी एक माणूस होता, हे आता कळतं.

आणि पीटरनेही मधल्या काळात काय केलंय? भुयारी रेल्वेत मार्कोवर पाणी सोडून त्याला मारलं असं समजून तो मे काकूंना सांगायला जातो. त्याला वाटतं, त्यांना बरं वाटेल. त्या हादरतात. स्पायडर-मॅन माणसं मारत नाही, म्हणतात. त्यानंतरच त्याच्या तोंडी माफी शोभते, कारण तोवर त्याचे हातही स्वच्छ नाहीत. कोर्टात मी दोन्ही बाजूंचे लोक पाहतो. 'माफ केलं' हा शब्द वर्षानुवर्षं कुणाच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. तो शब्द ऐकून मार्को काही न बोलता वाळू होऊन वाऱ्यावर जातो, तिथे मी दर वेळी थांबतो.

तुमचं एक मात्र मान्य. हे सगळं शेवटच्या पाच मिनिटांत गुंडाळायला नको होतं.

डोंबिवली

२०२१ चा डिसेंबर. महाराष्ट्रात थिएटरं निम्म्या क्षमतेने चालू होती, एक खुर्ची सोडून एक. नव्या स्पायडर-मॅनमध्ये आपला जुना पीटर, टोबी मॅग्वायर, त्या गोल दारातून आत आला तेव्हा निम्मं थिएटर असूनही कान बसले. शेजारी माझा भाचा होता, तो २००८ चा. त्याने विचारलं, हा कोण? घरी येऊन रात्री त्याला तिन्ही भाग ओळीने दाखवले. तिसरा त्याला सगळ्यात जास्त आवडला. वाळूचा माणूस या नव्या सिनेमातही आपल्या मुलीकडे परत जायचं म्हणतो, हे त्यानेच माझ्या लक्षात आणून दिलं.

लातूर

डोंबिवलीकरांनी मुलीचा विषय काढला म्हणून लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो.

मी हा सिनेमा टीव्हीवर पाहिला, दोन-तीन वर्षांनी. आमच्या मुलीच्या हृदयाला छिद्र होतं. २००७ मध्ये मुंबईला ऑपरेशन झालं. त्याआधीचे चार महिने मी पैशांसाठी दारोदार फिरत होतो. सोसायटी, सावकार, बायकोचे दागिने, मेव्हण्याची मोटारसायकल. मार्को तुरुंगातून पळून रात्री घरी येतो, आजारी मुलीच्या उशाशी बसतो, आणि बायको त्याला चोर म्हणून बाहेर काढते. त्यावर तो म्हणतो, मी वाईट माणूस नाही, माझं नशीब वाईट आहे. मी चोरी केली नाही. पण तेव्हा माझ्याही मनात काय काय येऊन गेलं ते मला माहीत आहे. मला वाळू, ढीग, मारामारी यातलं काही कळत नाही. तो बाप मला कळला.

इथे सगळ्यांनी उणिवा लिहिल्या, माझी कुणी लिहिली नाही. त्या मुलीचं काय झालं? एवढा मोठा सिनेमा, तीन खलनायक, आणि जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं तिचं ऑपरेशन झालं की नाही हे शेवटी कुणी सांगत नाही. पीटर विचारत नाही. बाप वाऱ्यावर उडून जातो आणि ती घरी तशीच. आम्ही टीव्ही बंद केल्यावर बायकोने पहिला प्रश्न हाच विचारला होता.

आमची ठीक आहे. बावीसची झाली. परवाच तिची नोकरी लागली, पुण्याला.