खूण एकच, वाचणारे वेगळे

कुणी म्हणेल, मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा तुकडा) लागला की एम-आरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा संदेश नेणारा रेणू, जास्त टिकतो. इतकं सरळ नाहीये ते. एम६ए ही खूण घ्या: अ‍ॅडेनोसिनच्या (आरएनएतल्या 'ए' या अक्षराच्या) सहाव्या जागच्या नायट्रोजनवर एक मिथाइल, बस. वायटीएचडीएफ२ हे प्रथिन ती खूण ओळखून सीसीआर४-नॉट या प्रथिनांच्या संकुलाला बोलावतं. ते संकुल एम-आरएनएच्या टोकाला असलेल्या शेपटीतले 'ए' एकेक करून कुरतडतं आणि रेणूचा निकाल लागतो. पण तीच खूण आयजीएफ२बीपी कुळातल्या प्रथिनांच्या हाती लागली, तर रेणू उलट तगतो! शिवाय एफटीओसारखं विकर ती पुसूनही टाकतं (हे २०११ मध्ये कळलं). कोविडच्या एम-आरएनए लशींमधल्या बदललेल्या युरिडिनची (आरएनएतल्या 'यू' या अक्षराची) गोष्ट वेगळी. तिथे मोठा फायदा जन्मजात प्रतिकारशक्तीला चकवण्याचा. त्याची इथे गल्लत नको.