अनुभव धागा: लिनक्सवर गेम चालवण्यासाठी काय काय केलंत?

रामबागवाला
घराला रंग काढायचाय म्हणून काल माळा रिकामा करत होतो. बुटाच्या खोक्यात उबुंटूची, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या लिनक्सची, सीडी सापडली. तीच, फुकट पोस्टाने यायची ती. 2007 ची. पोस्टमनकाका म्हणाले होते, "विदेश से आया है, मिठाई तो बनती है." फुकटच्या सीडीपायी आईचे वीस रुपये गेले.

तेव्हा मी सेकंड इयरला. घरी एकच पीसी, 256 एमबी रॅम, आणि व्हाइस सिटी हा विंडोजचा गेम वाइनवरच (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायचा असा हट्ट. पहिल्या रात्री नुसता काळा पडदा. दुसऱ्या रात्री गाडी दिसली, रस्ता नाही. तिसऱ्या रात्री अडीचला चालली. चार मिनिटं. मग लाइट गेली. त्या चार मिनिटांची गोष्ट मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलीय.

परवा पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि याचा आय-फाइव्ह सातव्या पिढीचा, विंडोज 11 त्याला दारातच उभं करत नाही. लिनक्स मिंट टाकून दिलं. स्टीम, म्हणजे गेमचं ऑनलाइन दुकान, टाकलं, गेम उतरवला, प्ले दाबलं. एरर आली की शोधायला मी मोबाइल हातात धरून तयार. एररच आली नाही. पोरगा म्हणतो, "काका, उजेड अडवताय, हटो ना."

बरं वाटलं, आणि उगाच थोडा रागही आला. तुमचे लिहा. जमलेले, फसलेले, सगळे.

मालवी_मिरची
पहिली! कुकर लावलाय, येऊन लिहिते.

दांडियाबझार_बडोदा
टक्स रेसर कोणी खेळलंय का? पीसीक्वेस्टच्या सीडीवरून लिनक्स टाकलं होतं, विंडोजचा एकही गेम चालेना, मग जे होतं ते. पेंग्विन पोटावर घसरत जातो आणि वाटेतले मासे गिळतो. आमचं घर असं की अंड्याचा केकही गॅलरीत बसून खायचा. आजी शेजारी जपमाळ घेऊन बसायची. आधी म्हणाली, शी, बंद कर ते. आठवड्याने, "अरे डावीकडचा राहिला ना त्याचा! एवढ्या बर्फात उपाशी पळवतोस मेल्या." पुढे पुढे मासे कमी पडले तर माझ्याशी बोलायची नाही.

ती गेली 2011 ला. तो गेम एक्स्ट्रीम टक्स रेसर नावाने अजून मिळतो. टाकून ठेवलाय. खेळत नाही फारसा.

सराफ्यातला_जागल्या
आजी 🙏 आमच्याकडे बाबांनी फोनवर आत्याला सांगितलं होतं, "पोरगा रात्रभर खोलीत बसून वाइन करतो." आत्या दुसऱ्या दिवशी उज्जैनहून हजर.

सुदामानगरी
फसलेला लिहितो. 29 मार्च होता, तारीख विसरणं शक्य नाही. बाबा टॅक्सचं काम करतात. त्यांच्या पीसीवर लिनक्स शेजारी टाकून, गेम खेळून, सकाळपर्यंत काढून टाकायचं असं ठरवलेलं. इन्स्टॉल करताना तो प्रश्न येतो ना, शेजारी टाकू की डिस्क पुसू. झोपेत होतो. पुसली.

सोळा पार्ट्यांचा टॅलीचा डेटा. बाबांचा बॅकअप होता, पेनड्राइव्हवर. आणि लिनक्स बूट करायला मी ड्रॉवरमधून जो पेनड्राइव्ह उचलला होता तो तोच.

सकाळी सांगितलं. ओरडले नाहीत. चहा घेतला, बिलांच्या फायली काढल्या, म्हणाले बस. दोन रात्री ते आकडे वाचत होते, मी टाइप करत होतो. 31 ला रात्री काम संपलं. त्यावर आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत. फक्त घरात कोणीही पेनड्राइव्ह काढला की अजून विचारतात, "यात काही होतं का?"

दांडियाबझार_बडोदा
अरे देवा

सराफ्यातला_जागल्या
@सुदामानगरी गेम कुठला होता पण?

सुदामानगरी
फ्रोझन बबल. रंगीत फुगे फोडायचे 😐

मालवी_मिरची
आले. माझं उलटं आहे. लेक दहावीला, दिवसभर तो ऑनलाइन मारामारीचा वॅलोरंट गेम. आमच्या ह्यांनी कुठूनसं ऐकलं की लिनक्सवर गेम चालत नाहीत. गुपचूप टाकून दिलं. खरंच वॅलोरंट चालेना! मी शेवेची भाजी केली त्या आनंदात. चौथ्या दिवशी बघते तर हा दुसरंच काहीतरी खेळतोय, तलवारी, ड्रॅगन. विचारलं तर म्हणे "मम्मी हे तर चालतं ना." कुणी मला समजावेल का की एक का चालत नाही आणि बाकी सगळं का चालतं? आणि बाकीचं बंद कसं करायचं?

खजराना_कर्नल
ताई, बंद करायचं तुमचं तुम्ही बघा, का ते सांगतो. गेम विंडोजला हाका मारतो, वाइन मधे उभं राहून त्या लिनक्सला कळतील अशा करून पोचवतं. हे काम 1993 पासून चाललंय, 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं. खरं अडत होतं ग्राफिक्सवर. डायरेक्टएक्सच्या, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या, हाका ओपनजीएल या दुसऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत फिरवताना कार्डाला धाप लागायची. मग डीएक्सव्हीके आलं, ते त्याच हाका व्हल्कन या नव्या भाषेत नेतं, आणि वेग कुठल्या कुठे गेला. ऑगस्ट 2018 मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके वगैरे एकत्र बांधलं, प्रोटॉन नाव दिलं आणि स्टीममध्येच घातलं. त्याआधी 2015 ला त्यांची स्टीम मशीन, म्हणजे लिनक्सवाले गेमचे पीसी, आपटली होती, लिनक्ससाठी वेगळे बनवलेले गेमच पुरेसे नव्हते. मग कंपन्यांच्या विनवण्या करण्यापेक्षा विंडोजचे आहेत तेच चालवू म्हणाले.

आता वॅलोरंट. त्याचा अँटी-चीट, म्हणजे खेळात चीटिंग करणारे पकडणारा पहारेकरी, विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसतो. वाइन हाका पोचवतं, पण विंडोजचं कर्नल कुठून आणणार? पहारेकऱ्याला बसायला जागाच नाही. दुसरे दोन मोठे पहारेकरी, ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय, यांनी 2021 मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण कडी गेम बनवणाऱ्याच्या हातात. काही काढतात, काही नाही. एपेक्स लेजेंड्सने तर काढलेली कडी 2024 मध्ये परत लावली. म्हणजे एकट्याने खेळायचे बहुतेक चालतात, ऑनलाइन मारामारीचे पंचाईत करतात. गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर बघावं, तिथे लोक प्लॅटिनम, गोल्ड असे शेरे देतात.

मालवी_मिरची
म्हणजे चुकीचं औषध दिलं आम्ही. धन्यवाद. बोर्डापर्यंत वायफायच काढते.

विजयनगर_नाइट्स
भिया लोक, मदत. जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, जेल रोडवरून सेकंडहँड घेतलेलं. पुतण्याचं चालतं, माझं प्ले दाबलं की दोन सेकंदात बंद. एरर पण नाही.

खजराना_कर्नल
कार्डाला व्हल्कन 1.3 जमत नसेल. डीएक्सव्हीके 2.0 पासून ते लागतं, आणि प्रोटॉन 8 पासून पुढे तेच आहे. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉन 7 निवड. आणि गेम विंडोजच्या पार्टिशनवर ठेवला असशील तर हलव, विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटवर प्रोटॉन कटकट करतो.

विजयनगर_नाइट्स
होता ना विंडोजच्याच पार्टिशनवर 🤦 बघतो

अवंतिका_एस3
मामेभावाने अमेरिकेतून स्टीम डेक, व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं यंत्र, आणला, आपल्याकडे अधिकृत विकत नाहीत. आत लिनक्सच आहे, आर्चवर बेतलेलं. इंदूरहून मुंबईला निघालो, गाडी हलली तशी सुरुवात केली. समोरच्या काकू बराच वेळ बघत होत्या. शेवटी पर्समधून पेढा काढला, "घे रे बाळा, खेळून भूक लागली असेल." माझं वय चौतीस. पेढा घेतला. रतलाम यायच्या आत बॅटरी आडवी, मग काकूंच्या जावयाचे सगळे प्रताप ऐकले. नागदा ते बोरिवली.

दांडियाबझार_बडोदा
म्हणजे आमच्या बडोद्यावरून झोपेतच गेलात. सेव-उसळ चुकली.

सराफ्यातला_जागल्या
सेव-उसळीचं इंदूरकरांना सांगू नका. सेव आमची.

दांडियाबझार_बडोदा
सेव तुमची असेल, उसळ आणि तर्री कुणाची?

खजराना_कर्नल
भांडू नका. आनंदाची बातमी घ्या, स्टीमच्या ऑक्टोबर 2025 च्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदाच 3 टक्क्यांच्या वर गेले.

सराफ्यातला_जागल्या
शंभरात तीन? 56 दुकानवर यापेक्षा जास्त लोक पोह्यावर सेव नको म्हणतात.

विजयनगर_नाइट्स
चाललं!!! प्रोटॉन 7. भिया तुमच्या तोंडात जलेबी. पहाटेपर्यंत आता कुणी फोन करू नका

रामबागवाला
@विजयनगर_नाइट्स हेच. हे पुतण्याच्या तोंडावर दिसलंच नाही परवा.
@सुदामानगरी बाबांना नमस्कार सांग.

बाय द वे ती सीडी चालते का बघायचंय, पण घरात सीडी लावायला यंत्रच उरलेलं नाही. कुणाकडे यूएसबीचा ड्राइव्ह आहे?

रामबागवाल्याची_सौ
मी इथे आहे. खोकं अजून पलंगावर आहे आणि पेंटर सकाळी आठला येणार आहे.

सुदामानगरी
ड्राइव्ह आहे माझ्याकडे. शनिवारी आणतो. पण लॅपटॉप तुमचा वापरा, आणि आधी त्यातलं सगळं दुसरीकडे कॉपी करा. खरंच करा.

रामबागवाला
केलं. ये. येताना जिरावन मसाल्याची पुडी घेऊन ये, घरातलं संपलंय.