शाळेच्या जीमेलवरून आमच्याच नावाने मेल जातायत, पासवर्ड बदलला तरी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत क्लार्क आहे, त्यामुळे यूडायस (शाळांची सरकारी माहिती-नोंदणी), शालार्थ (पगाराचं पोर्टल), स्कॉलरशिप सगळं माझ्याच गळ्यात. शाळेचं साधं जीमेल आहे, आधी इंग्रजीत 'school', मग यूडायसचा २७०३ ने सुरू होणारा ११ अंकी नंबर आणि पुढे ॲट जीमेल डॉट कॉम.

झालं असं की मागच्या सोमवारी मी रजेवर होतो आणि पगारबिलाच्या गडबडीत एक मेल आला, 'यूडायस माहिती अपूर्ण, २४ तासांत भरा अन्यथा वेतन थांबेल'. आता वेतन थांबेल म्हटल्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोण बघत बसतो! आमच्या एका सरांनी माझ्या पीसीवर तो उघडला, खाली एचटीएमएल फाईल होती, त्यात हुबेहूब गूगलचं लॉगिन पान. पासवर्ड कोणाला विचारायची गरजच नाही, तो कपाटाच्या दाराला आतून सेलोटेपने चिकटवलेला (होता). टाकला. पुढे काहीच उघडलं नाही, सरांना वाटलं साईट डाऊन आहे, गेले तासाला.

बुधवारी शेजारच्या गावच्या शाळेतून फोन, 'भाऊ, तुमनी शाळाना मेल उना, त्यामा झिप फाईल शे, काय शे ते?' मी सेंटमध्ये बघितलं तर तिथे काहीच नाही. लगेच पासवर्ड बदलला. तरी शुक्रवारी परत दोन शाळांचे फोन. त्यात गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून आलेला एक खरा मेलही मला मिळाला नाही, केंद्रप्रमुख म्हणतात पाठवलाय, मी म्हणतो आला नाही, बोलणी मी खाल्ली.

अकाउंट अजून त्यांच्या हातात आहे की नुसतं आमचं नाव वापरतायत, हे कसं ओळखायचं? सर म्हणतात नवीन मेल काढा, पण सगळ्या पोर्टलला हाच जोडलेलाय. आणि पोरांच्या आधारच्या, पासबुकच्या स्कॅन कॉप्या इनबॉक्समध्ये पडल्यात, झोप उडालीय ती त्यापायी.

तापीकाठ :
भाऊ, झिप ज्यांना गेली त्यांना फाईलला हात न लावता तो मेल कॉम्प्युटरवर उघडायला सांगा, उजवीकडची तीन टिंबं, मग 'शो ओरिजिनल'. त्यात फ्रॉमचा पत्ता बघा, आणि एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच त्या पत्त्याच्या सर्व्हरवरून आलाय का, त्याच्या तपासण्या) पास आहे का ते. पत्ता तंतोतंत तुमचा आणि दोन्ही पास, म्हणजे मेल तुमच्याच खात्यातून गेला, पाठवून सेंटमधून उडवलाय. पण ते ११ अंक एकेक करून बोट ठेवून वाचा! एखादा अंक बदलून डुप्लिकेट आयडी काढतात, तोही पासच दाखवणार, कारण तेही खरंच जीमेल असतं.
दुसरं, सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. पासवर्ड बदलला म्हणून ते पुसले जात नाहीत. लोक इथेच फसतात.

शाळामास्तरीण_धुळे :
दादा आधी केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका की आमच्या नावाची झिप उघडू नका, लाजू नका, आमच्याकडे लाजण्यात दोन दिवस गेले. सायबर क्राईमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करून ठेवा, कोणाचे पैसे गेले तर ताबडतोब १९३० या हेल्पलाईनला फोन. आणि त्या स्कॅन कॉप्या मेलमध्ये ठेवताच कशाला, उतरवून घ्या न् डिलीट करा, ट्रॅशमधूनसुद्धा.

धागाकर्ता :
सापडलं! बुधवारचा मेल आमच्याच खात्यातून, शुक्रवारचे दोन्ही डुप्लिकेट आयडीवरून, शेवटून तिसरा अंक ८ चा ३ केलेला, मी स्वतः दोनदा वाचूनही चुकलो. दोन्ही शाळांना तो फिशिंग म्हणून रिपोर्ट करायला सांगितलंय. आणि फिल्टर होता हो. ज्या मेलमध्ये 'सिक्युरिटी', 'व्हायरस' किंवा 'झिप' शब्द असेल तो थेट ट्रॅशमध्ये. ट्रॅश ३० दिवस राहतं म्हणून वाचलो, तिथे गूगलचा सोमवारचा ॲलर्ट, 'ही झिप कसली' विचारणारे चार मेल, आणि तो कार्यालयाचा खरा मेल, कारण त्यात लिहिलेलं 'सोबत झिप फाईल जोडली आहे'. केंद्रप्रमुखांना स्क्रीनशॉट पाठवला.

फिल्टर काढला, फॉरवर्डिंग काही नव्हतं. आता टू स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) लावायला गेलो तर गूगल आधी ओटीपी मागतंय आणि रिकव्हरी नंबर निवृत्त मुख्याध्यापकांचा. अप्पा सध्या मुलाकडे सुरतला. फोन केला, म्हटलं अप्पा सहा आकडे आले असतील ते सांगा, तर म्हणतात, 'ओटीपी कोणले सांगाना नही, तूच तं सांगेल शे मले', आणि ठेवला फोन. संध्याकाळी व्हिडीओ कॉल लावतो, थोबाड बघून तरी देतील.