जिन्याखालचं टीसीएल

सेक्रेटरी: टीसीएलचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचं, पोतं आणून जिन्याखाली ठेवलंय. सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी चढायला लागलं की कुठं मिळत नाही.

सर (क-१०१): शेजारी काय आहे बघितलंत का? रंगाचे डबे, टर्पेंटाइन, संडासच्या ॲसिडच्या बाटल्या. पोतं आजच हलवा.

नीलेश: सर, काडी कोण लावतंय तिथं 😄

सर: काडी लागतच नाही बाबा. टीसीएल स्वतः जळत नाही, पण त्यातलं हायपोक्लोराइट ऑक्सिजन द्यायला टपलेलं असतं. त्यावर तेल, टर्पेंटाइन सांडलं की क्रिया सुरू होते, तापतं, आणि उष्णता कोंडली तर पेटतंसुद्धा. ॲसिड सांडलं तर क्लोरीन. हवेपेक्षा जड वायू, तळाशी साठणार. तळमजल्यावरच्या आज्जी दुपारी दार उघडं टाकून झोपतात.

वहिनी (ब-२०३): आमच्याकडं सुतार पॉलिश करतोय. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग गॅलरीत पडलाय. त्याला काही होतं का हो?

सर: होतं! आधी त्या पाण्याच्या बादलीत बुडवा, मग पुढचं वाचा. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात उष्णता निघते. चिंधी मोकळी पसरली तर ती निघून जाते, बोळा करून टाकली की आत कोंडते आणि काही तासांत आपोआप पेटू शकते.

वहिनी: बुडवल्या. एक बोळा आतून चांगला कोमट लागला 😳

अण्णा: चुनकळीचं तसंच. भिजली की पोती पेटायची.

सर: बरोबर अण्णा. कळीचा चुना पाणी पिताना जबरदस्त तापतो.

सेक्रेटरी: जिन्यात आग विझवायचा लाल सिलिंडर आहे की. एबीसी पावडरचा.

सर: टीसीएलच्या आगीवर तो मारायचा नाही. त्यात अमोनियम फॉस्फेट असतं, दोघांचं जमत नाही. लांबून भरपूर पाणी, आणि फायर ब्रिगेड.

सेक्रेटरी: मग गच्चीवरच्या खोलीत नेऊ?

सर: पत्रा तापतो तिथं. उन्हानं पावडरीतला क्लोरीन उडून जाईल.

नीलेश: पंपरूम?

अण्णा: २०१९ ला पंपरूम बुडाली होती. विसरलास होय रे?

सर: पहिल्या मजल्यावरचं ऑफिस. कोरडं आहे, खिडकी आहे. झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये भरा, बाजूला काही ठेवू नका.

सेक्रेटरी: ऑफिसची किल्ली कुणाकडं आहे?

नीलेश: माझ्याकडं. पण आत मंडळाचे ऑइलपेंटचे डबे आहेत.

सर: ते आधी बाहेर काढ.