'म्होरक्या' फक्त चोरांच्या टोळीलाच का? (नान्सेनच्या निमित्ताने)

पुतणी आठवीत आहे, इथे सांगलीतच. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी तिनं उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मोहिमा काढणाऱ्या नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेनवर लिहिलं, त्यात एक वाक्य होतं, 'या मोहिमेचा म्होरक्या नान्सेन होता.' वही परत आली तर 'म्होरक्या'भोवती लाल गोल आणि समासात 'नेता'. हा शब्द गुन्हेगारांना वापरतात म्हणे. आता पेपर उघडला की 'दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या जेरबंद' एवढंच वाचायला मिळतं हे खरं आहे, पण म्हणून शब्द टाकून द्यायचा का, हे मला दोन दिवस झालं सतावतंय.

आपल्याकडं पुढं म्हणजे म्होरं. 'मोहरा वळवला' म्हणतो तेव्हा तोंड वळवलं असाच अर्थ असतो. बैलाच्या तोंडावर बांधतात ती म्होरकी. बेंदराच्या आधीच्या बाजारात वेसण, कासरा, गोंडे यांच्या शेजारी म्होरक्यांचा ढीग असायचा (हो, म्होरकीचं अनेकवचन पण म्होरक्याच), वडील एकेक म्होरकी हातात घेऊन नाकावर येणारी गाठ अंगठ्यानं दाबून बघायचे, टोचणारी असली की परत ढिगात. तर तोंडाकडचं ते म्होरलं, आणि सगळ्यांच्या तोंडाशी चालतो तो म्होरक्या. मेंढरांच्या कळपात पण एक म्होरकं असतंय, बाकीची त्याच्या मागनं जातात. यात चोरी कुठाय?

आणि मजा म्हणजे नान्सेनच्या जहाजाचं नाव होतं 'फ्राम', नॉर्वेच्या भाषेत त्याचा अर्थ पुढं. म्हणजे आपलं म्होरं! म्होरं नावाच्या जहाजाच्या माणसाला म्होरक्या म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं.

म्होरक्याऐवजी 'संशोधक' म्हणावं तर ते मला पटत नाही, ते ऐकलं की प्रयोगशाळा दिसते. खरं तर नान्सेन तो पण होता, प्राण्यांच्या मज्जातंतूंवर १८८८ साली त्यानं प्रबंध दिला. पण त्याच वर्षी पाच साथीदार घेऊन स्कीवरनं अख्खं ग्रीनलंड आडवं पार केलं, आणि तेही जवळपास वस्ती नसलेल्या पूर्व किनाऱ्याकडनं सुरुवात करून, बहुतेक वस्ती पश्चिमेला. मागं फिरावं तर मागं जवळपास काहीच नाही, जगायचं तर म्होरंच जायचं. आपण ज्याला परतीचे दोर कापणं म्हणतो ते त्यानं नकाशावरच करून ठेवलं होतं. असल्या माणसाला 'नेता' म्हटलं की स्टेज आणि माईक डोळ्यासमोर येतो, 'पुढारी'चं तर काय झालंय ते आपण बघतोच.

अजून एका शब्दात मत पाहिजे. फ्राम बर्फात अडकून बर्फाबरोबरच सरकत गेलं, तो प्रवास सांगताना 'वाहवत गेलं' लिहावं का?

प्रतिसाद, कराडहून:
म्होरक्याला पूर्ण पाठिंबा. पण 'वाहवत' नको, पोरगं वाहवत गेलं म्हणजे वाया गेलं. 'तरंगत गेलं' लिहा.

माझं उत्तर:
तरंगत म्हणजे नुसतं पाण्यावर असणं, त्यात कुठं जाणं नाही. इथं तर जाणं हाच मुद्दा आहे. जीनेट नावाचं जहाज १८८१ ला सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं आणि तीन वर्षांनी त्यातलं सामान सापडलं ते थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर. म्हणजे बर्फाखालचं पाणी ध्रुवाकडच्या समुद्रातनं वाहतंय. नान्सेननं विचार केला की मग बर्फाशी भांडायचं कशाला, आपणच त्यात अडकून घेऊ, तोच नेईल. लोकांनी वेड्यात काढलं. त्यानं कॉलिन आर्चर नावाच्या जहाज बांधणाऱ्याकडनं असं जहाज बांधून घेतलं की दोन्ही बाजूंनी बर्फानं दाबलं तर चिरडण्याऐवजी वर उचललं जावं, ओला चिंचोका चिमटीतनं निसटतो ना तसं. १८९३ च्या सप्टेंबरात ते बर्फात घट्ट बसलं ते १८९६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गन बेटाच्या बाजूला मोकळं झालं. तेरा माणसं गेली, तेराच्या तेरा परत आली.

कृष्णेत मला काकांनी पोहायला शिकवलं तेव्हा पहिलं हेच सांगितलं, पाण्याशी भांडायचं न्हाई, पाण्यासंगं जायाचं आन तिरकं कडंला लागायचं. ते वाहून जाणं ठरवून केलेलं. त्याला आपल्याकडं वेगळा शब्द नाही आणि आहे त्याला आपण वाईट करून ठेवलंय, म्होरक्याचं केलं तसंच. म्हणून मी वाहवतच म्हणणार, फार तर 'ठरवून वाहवत गेले'.

उलटा किस्सा पण आहे. जहाज ध्रुवावरनं जाणार नाही हे दिसल्यावर नान्सेन आणि त्याचा साथीदार योहान्सेन १४ मार्च १८९५ ला जहाज सोडून कुत्री, स्लेज (बर्फावरनं ओढायच्या गाड्या) आणि दोन कयाक (हलक्या, अरुंद होड्या) घेऊन निघाले. ८ एप्रिलला उत्तर अक्षांश ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचले (ध्रुव ९० अंशांवर), तोवर तितक्या उत्तरेला कुणीच गेलं नव्हतं, तिथनं मात्र त्यांना मागं फिरावं लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये फ्रान्झ जोसेफ लँड नावाच्या उत्तरेकडच्या बेटांच्या किनाऱ्याला बांधलेल्या कयाक दोर सुटून वाऱ्यानं लांब चालल्या, सगळं जगणं त्या होड्यांत. नान्सेननं त्या बर्फाच्या पाण्यात उडी टाकली आणि पोहत जाऊन धरल्या, वर चढताना हातपाय काम करत नव्हते. होड्या 'वाहून गेल्या', जहाज 'वाहवत गेलं'. बघा, फरक कानाला लागतो का.

प्रतिसाद, वाईहून:
नान्सेन पासपोर्टला काय लिहिलंय? पारपत्र?

माझं उत्तर:
नाही, 'दाखला'. पारपत्र म्हटलं की विमानतळ आठवतो. रशियातल्या क्रांतीनंतर लाखो लोक परदेशात पडले, कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. राष्ट्रसंघानं (लीग ऑफ नेशन्स) १९२१ ला नान्सेनला निर्वासितांसाठी उच्चायुक्त नेमलं आणि १९२२ ला त्यानं हा कागद सुरू केला, पुढं ५० हून जास्त देशांनी तो मानला. त्याच्या आधी ४ लाखांवर युद्धकैदी त्यानं घरी पोचवले होते. १९२२ चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं ते यासाठी, बर्फासाठी नाही.

माझं आजोळ पाटणकडचं, गाव शिवसागर जलाशयात गेलं. आजोबांचा धरणग्रस्ताचा दाखला पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, घड्यांवर फाटलेला आणि मागनं सेलोटेप लावलेला. मामी अजून सांगते, घर पेटलं तर आधी ती पिशवी बाहेर काढा. तू कोण, कुठला, हे सांगणारा कागद म्हणजे काय असतो ते 'दाखला' म्हटल्यावर आपल्या भागात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

प्रतिसाद, मिरजेहून:
सगळं छान, पण नोबेलवाल्या माणसाला 'तो गेला, त्यानं केलं' खटकतं. 'ते गेले' बरं दिसलं असतं.

माझं उत्तर:
ह्यावर मी पण अडलो होतो. मग योहान्सेनचं आठवलं. १८९५-९६ चा हिवाळा त्या दोघांनी दगडाच्या भिंती आणि वॉलरसच्या कातड्याचं छप्पर असल्या खोपटात काढला, अस्वलाचं मटण खाऊन, एकमेकांना चिकटून झोपून. आणि एवढं असून एकमेकांना अहो-जाहोच करायचे! नव्या वर्षाला नान्सेननंच सांगितलं की आता अहो-जाहो सोडू. त्या खोपटात कितीतरी महिने अंधार असणार आणि त्यात पहिल्यांदा कुणीतरी 'अरे' म्हटलं असणार, हे मला त्या ८६ अंशांपेक्षा मोठं वाटतं. आपण विठ्ठलाला एकेरीच हाक मारतो, आईला पण. म्हणून नान्सेन गेला आणि नान्सेन आला असंच राहू दे.

पुतणीनं 'नेता' खोडून परत 'म्होरक्या' लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात म्होरं, मोहरा, म्होरकी असे तीन शब्द टाकलेत, बाईंना दाखवायला.

आता एक राहिलं. समुद्रावरच्या बर्फाच्या सुट्या सपाट तुकड्याला तिनं 'लादी' केलंय, बर्फाच्या कारखान्यात म्हणतात तसं, ते मला आवडलं. पण अशा हजारो लाद्या एकमेकींवर चढून, मोडून, परत गोठून जे उंचसखल पसरलेलं असतं, ज्यात फ्राम अडकलं, त्याला काय म्हणावं? 'बर्फाचं रान' सुचलंय, पण रान हलत नाही आणि हे तर सारखं सरकत असतं. नदीकाठच्या कुणाला काही सुचतंय का बघा.