कामिकाझे वैमानिक खरंच स्वखुशीनं गेले होते का?

ऋता:
दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी आत्मघाती वैमानिकांची शेवटची पत्रं वाचतेय. बहुतेकांचा सूर एकच: आई, रडू नकोस, देशासाठी आनंदानं जातोय, यासुकुनीला (युद्धात मेलेल्यांच्या आत्म्यांचं तोक्योतलं मंदिर) भेटू. विशी-बाविशीतल्या इतक्या मुलांना हे मनापासून वाटत असेल? की निव्वळ सम्राटभक्ती? जाणकारांनी सांगावं.

सदानंद:
ऋताताई, पत्र कुणाच्या नजरेखालून गेलं ते आधी बघा. तळावरची पत्रं वरिष्ठ तपासत. दक्षिण जपानमधल्या चिरानच्या हवाई तळाजवळ खाणावळ चालवणाऱ्या तोरिहामा तोमे यांनी काही मुलांची पत्रं गुपचूप बाहेरून टपालात टाकली, ती याचसाठी.

उएहारा र्योजीचं लिखाण जरूर वाचा. केइओ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारा मुलगा. उड्डाणाच्या आदल्या रात्री एका वार्ताहरानं लिही म्हटलं, म्हणून लिहिलेलं, तपासणी चुकवून बाहेर आलेलं. हुकूमशाही राष्ट्रं शेवटी हरतातच, इटली-जर्मनीचं काय झालं बघा, असं तो स्पष्ट लिहितो. आत्मघाती वैमानिक म्हणजे नुसतं यंत्र, असंही. आणि शेवटी, उद्या एक उदारमतवादी या जगातून जाईल. ११ मे १९४५ ला जपानच्या ओकिनावा बेटाजवळच्या समुद्रावर तो गेला, वय २२. याला सम्राटवेडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग गेला का? १९४३ च्या शरद ऋतूत कला-कायदा-अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांची लष्करभरतीतली सवलत काढून घेतली. प्रशिक्षणात मारहाण रोजचीच. आणि एके दिवशी हातात कागद: आत्मघाती हल्ल्यासाठी तीव्र इच्छा आहे, इच्छा आहे, इच्छा नाही. खाली स्वतःचं नाव. शेजारचा मित्र 'तीव्र' लिहितोय हे दिसत असताना तिसरा पर्याय कोण निवडणार? काही तुकड्यांत तर थेट हुकूमच निघाले.

मंदार_के:
सगळंच जबरदस्तीवर ढकलणं मला पटत नाही. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकन फौजा ओकिनावावर उतरल्या होत्या. आपण थांबवलं नाही तर पुढची पाळी आपल्या घराची, हे त्या मुलांना खरंच वाटत असणार.

सदानंद:
मंदार, मान्य, आणि ते महत्त्वाचं आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाइन्समध्ये पहिल्या यशस्वी तुकडीचं नेतृत्व करणारा सेकी युकिओ वार्ताहराला म्हणाला होता, की मी सम्राटासाठी नव्हे, बायकोसाठी जातोय. पण माझ्यासारख्या कसलेल्या वैमानिकाला मारावं लागत असेल तर जपानचं काही खरं नाही, हेही त्यानंच सांगितलं. बायकोवरची माया खरी होती, म्हणून पाठवणाऱ्यांचा दोष कमी होत नाही.

सासाकी तोमोजीचं बघा. लष्करी वैमानिक, २१ वर्षांचा. नऊ वेळा पाठवला, नऊ वेळा जिवंत परतला. त्याच्या तुकडीच्या प्रमुखानं बॉम्ब सोडता येईल अशी दुरुस्ती विमानांत गुपचूप करून घेतली होती. इकडे लष्करानं तो युद्धनौका बुडवून वीरगतीला गेल्याचं जाहीर करून टाकलेलं! मग वरिष्ठ त्याच्यावर चिडले, या वेळी मरूनच ये म्हणून. जहाज बुडवणं हाच हेतू असता तर जिवंत परतणारा वैमानिक त्यांना हवाच होता.

ऋता:
हे माहीतच नव्हतं. उघड नकार दिलेला कोणी अधिकारी?

सदानंद:
नौदलातले मिनोबे तादाशी. १९४५ च्या सुरुवातीला वरिष्ठांच्या बैठकीत त्यांनी विरोध केला आणि आपल्या तुकडीला रात्रीचे नेहमीचे हल्ले शिकवले. त्यांना कुणी गोळी घातली नाही. पण ते तुकडीचे प्रमुख होते. उएहारासारख्या विद्यार्थ्याचं कुणी ऐकून घेतलं असतं, असं मला वाटत नाही.